चार वाजता उतरलेलं विमान

शनिवार, ९ फेब्रुवारी १९८०. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी पोलादपुरात तय्यब मुकादमने घराच्या ओट्यावर उभे राहून जाहीर केले, की आदल्या दिवशी कुवेतहून आणलेली त्याची हिरवी बॅग टॅक्सीच्या टपावरून नाहीशी झाली आहे. साडेआठला बातमी बाजारात पोचली. नऊला चोराचे नावही ठरून गेले. टॅक्सीवाला चंदू हाटे.

पावणेबाराला चंदू महाडात हैबती सकपाळांचा जिना चढत होता.

हैबती सकपाळ पंचवीस वर्षे एसटीत होते. शेवटची बारा वर्षे महाड स्टँडवर वाहतूक नियंत्रक. निवृत्त झाल्यावर त्यांनी चवदार तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माडीवरची खोली घेतली आणि ‘खाजगी तपास’ अशी पाटी लावली. पहिले वर्षभर लोक जिना चढून येत आणि बोरिवली गाडी किती वाजता आहे एवढेच विचारून जात. पुढे दोन-तीन अवघड प्रकरणे सुटली, तेव्हा कुठे पाटीवर लोकांचा विश्वास बसला. गाडीची वेळ मात्र अजूनही विचारत.

शनिवारची सकाळची शाळा सुटली की भूगोलाचे शिक्षक रामजी तांबे तिथे येऊन बसत. आपण तपासात मदत करतो असे रामजींचे मत होते. हैबतींनी ते कधी खोडून काढले नव्हते.

“तात्या, मी चोर नाय,” चंदू दारातूनच म्हणाला.

“ते नंतर. आधी बस, पाणी पी, आणि वेळा सांग.”

“वेळ कसली सांगू? वेळच भरलीय माझी. उद्या दुपारच्या नमाजानंतर जमातीची बैठक हाय. तोवर बॅग मिळाली नाय तर पोलीस. आणि पोलिसाचं राहू दे, आखातातून येणारा एक माणूस पुन्हा माझ्या गाडीत बसायचा नाय. पाच वर्षं ही माणसं आणतोय मी. त्यांनी डोळे मिटून झोपावं नि मी घरात नेऊन सोडावं. विश्वासाचा धंदा आमचा.”

“मग विश्वासाने वेळा सांग.”

चंदूने पाण्याचा पेला रिकामा केला.

“तय्यबची महाडच्या नासिरशेठना, त्याच्या होणाऱ्या मेव्हण्याला, चिठ्ठी आली होती. शुक्रवारी विमान चारला उतरतं, साडेचारला चंदूला सांताक्रूझला पाठवा म्हणून. मी सव्वाचारला पोचलो. बघतो तर हा आधीच बाहेर उभा, भांग पाडून.”

“बरं झालं की,” रामजी म्हणाले. “तुला ताटकळावं लागलं नाही.”

“मास्तर, विमान उतरल्यावर दीड-दोन तास कोण बाहेर येत नाय हो! आत कस्टमवाले सामान उपसतात, खडूने फुल्या मारतात. त्या बॅगा टपावर चढवल्या की माझा शर्ट पांढरा होतो. बायको म्हणते, टॅक्सी चालवता का शाळेत फळा पुसता? काल पहिल्यांदा शर्ट जसाच्या तसा घरी गेला.”

“नशीब बायकोचं,” रामजी म्हणाले.

हैबतींनी कागदावर ‘४.१५’ लिहून खाली रेघ मारली. “सामान किती होतं?”

“दोन मोठ्या सुटकेसा नि ती हिरवी बॅग. सुटकेसांनी कंबर मोडली. बॅग उशीसारखी. एका हाताने वर टाकली.”

“पुढे?”

“पनवेलला नासिरशेठ बसले. त्यांचे कापडाचे दोन गठ्ठे टपावर टाकले. माणगावला चहा. तय्यबला चहा नको होता. म्हणाला, तुम्ही घ्या, मी दोरी आवळतो. साडेनऊला महाड. शेठ नि त्यांचे गठ्ठे उतरले. दहाला पोलादपूर. याच्या सुटकेसा घरात ठेवल्या नि मी परत फिरलो. हिरवी बॅग तेव्हा टपावर नव्हती. मला वाटलं, त्याने आधीच काढून घेतली असेल.”

“तुला वाटलं,” हैबती म्हणाले. “आता गावाला वेगळं वाटतंय. चला मास्तर.”

*

नासिर चिचकरचे कापडाचे दुकान बाजारपेठेत होते. नासिर परवीनचा थोरला भाऊ, आणि परवीनचा तय्यबशी निकाह पंधरा दिवसांवर आलेला. दोघांना पाहताच त्याने कापड मोजायचा गज आपटून खाली ठेवला.

“माझ्यावर संशय आहे का, तात्या? सरळ विचारा.”

“सरळच विचारतो. अंधारात तुमच्या गठ्ठ्यांबरोबर ती बॅग उतरली का?”

नासिरने उत्तर द्यायच्या आत आतल्या दारातून आवाज आला. “भाईजान, गठ्ठे दाखवून टाका ना. नाहीतर तात्या दोन तास दुकानात बसतील, आणि मास्तर तीनदा चहा घेतील.”

“तू आत जा, परवीन.”

“आतच आहे. आवाज तेवढा बाहेर येतोय.”

गठ्ठे दुकानातच होते. एक तर अजून सुतळीने बांधलेला. बॅग तिथे नव्हती.

“बॅगेत होतं काय?” हैबतींनी विचारले.

“टेपरेकॉर्डर. परवीनचे कपडे. आणि त्याचे सगळे कागद,” नासिर म्हणाला. “खरं दुखणं तेच आहे. आमच्याकडे गेल्या वर्षी दोन मुली फसल्या. नवरा दुबईला म्हणून लग्न लावलं, आणि निघाला भिवंडीला. म्हणून मी चिठ्ठीत लिहिलं होतं, पासपोर्ट आणि तिकडच्या कामाचा कागद घेऊन ये, जमातीची चार माणसं बघतील. त्याने आणले. आणि तुमच्या त्या ड्रायव्हरने नेमके तेच पळवले.”

“पासपोर्ट बॅगेत, आणि बॅग टपावर?”

“तसंच सांगतो तो.”

“मुलगा कसा वाटतो तुम्हाला?”

नासिरने खांदे उडवले. “गप्प असतो. कारागीर आहे. वेल्डर. मला वाईट वाटला नाही.”

“मला टेपरेकॉर्डर नको होता,” आतून पुन्हा आवाज आला. “त्याच्या पत्रांत कधी एवढी मोठी बात नसायची. गेल्या पत्रात सबंध पानभर मांजराबद्दल लिहिलं होतं.”

“परवीन!”

“गेले.”

*

अडीचच्या गाडीने दोघे पोलादपुरात उतरले. तय्यबची आई जहांआरा ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला सारले आणि पाहुण्यांना आत बसवले.

भिंतीवर दोन घड्याळे होती. एकात तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. दुसऱ्यात पाऊण वाजायला पाच मिनिटे होती. रामजींना चुकलेले घड्याळ बघवत नसे. ते उठले आणि त्यांनी हात वर केला.

“हात नको लावूस, मास्तर!” जहांआरा कडाडली.

“मागे पडलंय हो ते, चाची.”

“मागं नाय पडलेलं. ते माझ्या तय्यबचं हाय. ज्या घरचा माणूस तिकडं गेला त्या घरात असं घड्याळ असतं. मोहल्ल्यात कुणालाबी विचार. पोरगा गेला त्या हप्त्यात शेजारच्या हाजीने लावून दिलं. तिकडची वेळ. मी त्याच्यात बघून जेवते. त्याची दुपार झाली की माझी दुपार.”

“दोन वर्षं?”

“दोन वर्षं. साडेतीनला जेवते. शेजारणी म्हणतात, म्हातारीच्या पोटात घूस शिरलीय.” ती हसली. “नि तुला सांगते, हा परवा राती आला, नि सकाळी उठून काय केलंन? तुझ्यासारखाच स्टूल घेऊन चढला. ‘अम्मा, घड्याळ बिघडलंय, सारखं करतो.’ एक चापट दिली हातावर. तुझंच हाय रे मेल्या, म्हटलं.”

“परवा नाही, काल रात्री आला,” हैबतींनी सवयीने दुरुस्ती केली. “आणि चढला आज सकाळी.”

“आज सकाळी. तू अजून स्टँडवरच हायस, हैबती.”

तय्यब मागच्या दाराने आला. अठ्ठावीस-एकोणतीसचा, हातांवर ठिणग्यांचे बारीक डाग. तो बसला, पण पाठ टेकून बसला नाही.

“विमान कुवेतहून किती वाजता सुटलं?” हैबतींनी विचारले.

“दुपारी बारा वाजता.”

“उशिरा सुटलं का?”

“नाही. बाराला सुटलं आणि चार वाजता मुंबईला उतरलं. बरोबर चार तास.”

“तुमच्या घड्याळात बघितलंत?”

“हो. या घड्याळात.” त्याने मनगट पुढे केले. घड्याळ इथल्या वेळेप्रमाणे बरोबर होते, भिंतीवरच्या पहिल्या घड्याळाशी जुळणारे.

“बॅगेत जड काय होतं?”

“टेपरेकॉर्डर. दोन स्पीकरवाला.”

“पासपोर्ट खिशात का नाही ठेवलात?”

तय्यबने आईकडे पाहिले. “विसरलो,” तो म्हणाला. मग एकदम, “चंदूला पोलिसात नका देऊ. मी बॅग सोडून देतो. फक्त निकाह होऊ दे.”

“चोराला सोडायचं म्हणतोस?” जहांआरा म्हणाली. “बघ हैबती, कसलं काळीज हाय पोराचं.”

“बघतोय,” हैबती म्हणाले.

*

परतीच्या गाडीत रामजी बोटांवर हिशेब करत होते. महाडला उतरल्यावर ते थेट शाळेत गेले, शिपायाकडून भूगोलाच्या खोलीची किल्ली घेतली, आणि सहाच्या सुमारास पृथ्वीगोल काखेत मारून हैबतींच्या खोलीत आले.

“बघा,” ते म्हणाले. त्यांनी गोलावर कुवेतपासून मुंबईपर्यंत दोरा ताणला, नखाने खूण केली आणि दोरा पट्टीवर धरला. “पावणेतीन हजार किलोमीटर, थोडंफार इकडेतिकडे. जेट विमान ताशी साडेआठशे धरा. सव्वातीन तास. चढायला, उतरायला, घिरट्या घालायला पाऊण तास. एकूण चार. बाराला निघालं, चारला उतरलं. तय्यबचा शब्द न् शब्द खरा आहे, तात्या.”

“हं.”

“म्हणजे...” रामजींचा आवाज खाली आला. “म्हणजे चंदूनेच घेतली म्हणायची. मला फार वाईट वाटतंय. माझा विद्यार्थी तो. नकाशा चांगला काढायचा.”

हैबतींनी दोरा हातात घेतला, पुन्हा मोजला आणि मान हलवली.

“तुमचा हिशेब चोख आहे, मास्तर. अंतर बरोबर, वेग बरोबर, चार तास बरोबर.”

“मग?”

“म्हणूनच तय्यब खोटं बोलतोय.”

रामजी पृथ्वीगोलाकडे बघत राहिले. पृथ्वीगोलाने काही मदत केली नाही.

“उद्या अकराला मुकादमांच्या घरी,” हैबती म्हणाले. “नासिरला निरोप धाडतो. तुम्ही चंदूला आणा. आणि हे सातवीच्या वर्गात रेखावृत्तं कधी शिकवता तुम्ही?”

“गेल्याच सोमवारी शिकवली. का?”

“सहज.”

*

रविवारी अकराला जहांआराच्या पुढच्या खोलीत सगळे जमले. चंदू दाराशी उभा होता. त्याला बस म्हणायला कोणी तयार नव्हते, म्हणून हैबतींनी स्वतःचे स्टूल त्याच्याकडे सरकवले आणि आपण उभे राहिले.

“चंदू बॅगेपाशी एकटा होता तो फक्त पोलादपूरहून परत जाताना,” त्यांनी सुरुवात केली. “पण तो म्हणतो, पोलादपूरलाच बॅग टपावर नव्हती. हे खरं की खोटं? मी आधी धरून चाललो की खरं. मग प्रश्न उरतो, चंदूशिवाय टपावर हात कोणी घातला? महाडला नासिरने, पण त्याच्या गठ्ठ्यांत बॅग नाही. आणि माणगावला, बाकीचे चहा पीत असताना, स्वतः तय्यबने.”

“दोरी आवळायला!” तय्यब म्हणाला.

“बरोबर. आता बॅग कशी होती? तय्यब म्हणतो आत दोन स्पीकरवाला टेपरेकॉर्डर. चंदू म्हणतो उशीसारखी हलकी, एका हाताने टाकली. चंदूने हे आपण होऊन सांगितलं. चोरी करणारा माणूस, बॅग रिकामी होती असं सांगून स्वतःचा फायदा काय करून घेणार? शिवाय तिच्यात पासपोर्ट होता म्हणे. परदेशातून येणारा माणूस विमानतळावर चार ठिकाणी पासपोर्ट दाखवतो आणि बाहेर पडताना तो खिशात असतो. तो टपावर बांधणारा माणूस मी ऐकलेला नाही. आणि जमातीला नेमका तोच पासपोर्ट बघायचा असतो, आणि तोच नाहीसा होतो.”

नासिर हळूहळू तय्यबकडे वळला.

“पण हा सगळा संशय झाला,” हैबती म्हणाले. “पुरावा मास्तरांनी काढलाय.”

“मी?” रामजी दचकले.

“तुम्ही. कुवेत ते मुंबई विमानाला किती तास?”

“चार.”

“आणि सातवीला रेखावृत्तं शिकवताना काय सांगता?”

“पंधरा अंशाला एक तास. पूर्वेकडे जाऊ तसं घड्याळ पुढे...” रामजी थांबले. त्यांनी भिंतीकडे पाहिले. एका घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. दुसऱ्यात आठ वाजून चाळीस. “अरे देवा,” ते म्हणाले. “अडीच तास!”

“बोला, बोला.”

“कुवेतला दुपारचे बारा म्हणजे आपल्याकडे अडीच! विमान चार तास उडालं तर मुंबईच्या घड्याळात साडेसहा वाजतील. चार वाजणं शक्यच नाही. मी काल वेळ काढली ती... ती एकाच गावातल्या दोन स्टँडांमधली काढली!”

“आपली तीच सवय,” हैबती म्हणाले. “महाडहून निघालो तेव्हा जे घड्याळ, तेच पोलादपूरला. गाडी किती चालली आणि पोचल्यावर भिंतीवर किती वाजले, हे आपल्याला एकच वाटतं. मलाही पंचवीस वर्षं तेच वाटत होतं. पण जो माणूस खरोखर विमानाने येतो त्याला मुंबईत उतरल्यावर घड्याळ अडीच तास पुढे करावं लागतं. तो सांगताना ‘बाराला निघालो, साडेसहाला उतरलो’ असंच सांगणार. बाराला निघून चारला तोच माणूस पोचतो, ज्याने दुसऱ्याकडून ऐकलेले चार तास बारामध्ये मिळवले.”

हैबती चंदूकडे वळले.

“चंदू सव्वाचारला पोचला तेव्हा तय्यब बाहेर उभा होता, भांग पाडून. बॅगांवर खडूची फुली नव्हती, चंदूचा शर्ट स्वच्छ राहिला. कारण तय्यब आतून बाहेर आलाच नव्हता. आणि चाची, ज्या पोराने दोन वर्षं तिकडच्या घड्याळावर काढली, त्याने घरी येऊन ते घड्याळ बिघडलंय असं कसं म्हटलं? मास्तरांनी म्हटलं तर समजू शकतो. मास्तर रत्नागिरीपलीकडे गेलेले नाहीत.”

“गोव्याला गेलोय,” रामजी पुटपुटले.

“तय्यब कुवेतला कधी गेलाच नाही.”

तय्यब उठला. सगळ्यांना वाटले तो बाहेर पळणार. पण त्याने कोपऱ्यातली मोठी सुटकेस ओढली, कुलूप काढले आणि कपड्यांच्या तळातून चपटी घडी घातलेली हिरवी बॅग काढून चंदूच्या पायाशी ठेवली.

“आत वर्तमानपत्रं होती,” तो म्हणाला. “ती माणगावला फेकली. माफ कर, चंदू. मी तुझं नाव घेतलं नव्हतं.”

“दुसऱ्या कुणाचं घ्यायला जागा ठेवली होतीस?” चंदू म्हणाला. “गाडीत आपण तिघंच. शेठना कोण चोर म्हणणार?”

तय्यब चंदूसमोर खाली बसला. मग तो सगळे बोलून गेला. मुंबईचा एजंट पासपोर्ट घेऊन नाहीसा झाला. गावात ढोल वाजवून निरोप झालेला, परत कुठल्या तोंडाने यायचे? तो कुर्ल्याला एका वेल्डिंगच्या कारखान्यात राहिला. खरोखर कुवेतला असलेल्या दोस्ताकडे पत्रे पाठवायचा, दोस्त ती तिथून टपालात टाकायचा आणि गावाहून आलेली कुर्ल्याला धाडायचा. विमान बाराला सुटते आणि चार तास लागतात, हेही त्यानेच सांगितलेले. पुढची बेरीज तय्यबची.

जहांआराने मांडीवरचे सूप खाली ठेवले.

“म्हणजे तू कुर्ल्याला होतास,” ती म्हणाली.

“हो, अम्मा.”

“दुपारी कधी जेवायचास?”

“साडेबाराला.”

“साडेबाराला! नि मी साडेतीनपर्यंत उपाशी! दोन वर्षं! मेल्या, एसटीने सहा तासांवर होतास नि दोन ईदा एकटीनं काढल्या मी!” तिने सूप उचलले. तय्यबने हात डोक्यावर धरले. सूप त्याच्या पाठीवर बसले, फार जोरात नाही. मग ती त्याच्या शेजारी बसली आणि पदराने डोळे पुसू लागली.

“हसू नका हो मास्तर,” चंदू कुजबुजला.

“हसत नाही रे,” रामजी म्हणाले. ते हसत होते.

नासिर मात्र हसला नाही. “परवीनला काय सांगू मी?” त्याने विचारले.

“हेच,” तय्यब म्हणाला. “पण आधी जमातीत मीच सांगतो.”

दुपारच्या नमाजानंतर तो बैठकीपुढे उभा राहिला. पहिले वाक्य चंदूबद्दल होते आणि ते त्याने दोनदा म्हटले. मागे बसलेल्यांना पहिल्यांदा ऐकू गेले नव्हते. मुकादमांच्या शेजारचे हाजी उठून चंदूपाशी गेले, त्याचा हात हातात घेतला, आणि येत्या बुधवारी मस्कतहून येणाऱ्या पुतण्याला आणायचे त्याला तिथेच सांगितले.

“विमान किती वाजता उतरतं?” चंदूने विचारले. “कुठल्या घड्याळात?”

बैठक त्यावर हसली, आणि त्यानंतर चंदूचा विषय संपला. तय्यबचा संपला नाही. नासिर कोणाशी न बोलता महाडला परतला.

शुक्रवारी, १५ तारखेला, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी चिचकरांच्या घरून चंदूला निरोप आला. रविवारी सकाळी नऊला गाडी हवी, महाड ते पोलादपूर, मुकादमांच्या दारापर्यंत. माणसे चार, त्यांत परवीन स्वतः. साखरपुड्याचे सामान परत करायचे आहे की निकाहची ठरलेली तारीखच पक्की करायची आहे, हे निरोप्याने सांगितले नाही.

चंदूने विचारले नाही. त्याने गाडी धुवायला काढली.